पोर हाताशी आलं

ऊसतोड टोळीच्या मुकादमाच्या वहीत मुलांसाठी रकाना नसतो. तिथे कोयते मोजले जातात. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता, एकटं माणूस असेल तर अर्धा. कुणाला आगाऊ उचल किती दिली, मागची बाकी किती, टोळीत एकूण कोयते किती, एवढ्यात वही भरते. त्या कोयत्यामागे कोपीत किती लेकरं आहेत आणि त्यांतलं थोरलं केवढं, याची नोंद तिथे होत नाही.

दुसरी वही शाळेचा हजेरीपट. बालाघाटच्या डोंगरपट्ट्यात, बीड जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषदेच्या शाळेत मी काही वर्षं शिकवलं. दसरा उलटला की हजेरीपटावरची एकेक ओळ मुकी व्हायला लागे. एका घरातली दोन-तीन नावं एकाच दिवशी थांबत. रात्रीतून ट्रक लागलेला असे आणि पत्र्याची पेटी, कोंबड्या, शेळी, पाण्याचा ड्रम यांच्याबरोबर पोरंही चढलेली असत. पाडव्याच्या मागेपुढे ती परत येत, रापलेली, हातापायांवर पाचटाचे ओरखडे घेऊन. तोवर पुस्तक शेवटच्या धड्यांपाशी पोचलेलं असे. या दोन वह्या शेजारी ठेवून कुणी वाचत नाही. मुकादमाला शाळेत येण्याचं कारण नसतं आणि मास्तर सहसा फडात जात नाही. पुढच्या पानांत मी ते वाचन करू पाहिलं आहे. त्याला निमित्त झालं एका आईच्या प्रश्नाचं.

मुलगी चौथीत होती. गणितात तिचा हात कुणी धरत नसे. तिला आजीपाशी ठेवून जा, असं सांगायला मी त्यांच्या घरी गेलो. आई भांडी पोत्यात भरत होती. हात न थांबवता म्हणाली, "ठिवते की गुरुजी. पर मग धाकट्याला फडात कुणी धरायचं, तेवढं सांगा." मी शिक्षणाच्या महत्त्वाबद्दल काहीतरी बोललो. आज ते आठवलं की कानकोंडं व्हायला होतं. तिने महत्त्व विचारलंच नव्हतं. तिला धाकटं दीड वर्षाचं पोर धरणारं माणूस हवं होतं.

"पोर हाताशी आलं" असं आपण म्हणतो आणि कौतुकाने म्हणतो. "तुझं बरंय बाई, पोरगी हाताशी आली," असं एक शेजारीण दुसरीला म्हणते तेव्हा त्यात हेवाही असतो. या शब्दांत वय कुठेच नाही. कायदा चौदा वर्षं मोजतो, शाळा जन्मतारीख बघते, घर मात्र हात बघतं. घागर उचलते का, शेळी वळते का, लहान्याला कडेवर घेते का, भाकरी फुगते का. खेड्यातल्या बालमजुरीची कारणं शोधायची तर या साध्या बोलण्यात शिरावं लागतं. बालमजूर म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे टपरीवर कप विसळणारा पोऱ्या येतो, नाहीतर फटाक्यांचा कारखाना. तिथे मालक दिसतो, त्यामुळे राग कुणावर काढायचा तेही ठरलेलं असतं. आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आणि युनिसेफ यांनी २०२१ साली जगातल्या बालमजुरांची संख्या १६ कोटी सांगितली, तेव्हा त्यातली ७० टक्के मुलं शेतीच्या कामात होती आणि तेवढ्याच, किंबहुना थोड्या जास्तच प्रमाणात, स्वतःच्या कुटुंबासोबत राबणारी होती. म्हणजे बहुतेक मुलांना कामाला लावणारी माणसं त्यांचे आई-बापच असतात.

यावर दोन उत्तरं तयार असतात. एक म्हणतं, आई-बाप अडाणी आहेत. दुसरं म्हणतं, गरिबी. पहिल्याबद्दल वेगळं काही लिहायची गरज मला वाटत नाही. उसाच्या फडात मी जेवढ्या आयांशी बोललो, त्यांतल्या एकीलाही आपल्या पोराच्या हातात कोयता बघायचा नव्हता. दुसरं उत्तर खोटं नाही, पण ते दिलं की शोध तिथेच संपतो. कौशिक बसू आणि फाम होआंग व्हान या अर्थशास्त्रज्ञांनी १९९८ साली मांडलं की, मोठ्यांच्या कमाईवर घर चालत नसेल तरच आई-बाप मुलांना कामाला पाठवतात. माझा अनुभव याच्याशी जुळतो. पण पाचच वर्षांनी सोनिया भालोत्रा आणि ख्रिस्तोफर हेडी यांनी घाना आणि पाकिस्तानातल्या शेतकरी घरांचा अभ्यास करून दाखवलं की, जमीन जास्त असलेल्या घरांतली मुलं, विशेषतः मुली, भूमिहीनांच्या मुलांपेक्षा जास्त राबतात. जमीन आली की घरातच काम तयार होतं, आणि बाहेरचा गडी परवडत नाही किंवा मिळत नाही. आमच्याकडे हे बैलगाडीवर दिसतं. ज्याची स्वतःची बैलजोडी आहे तो गाडी सेंटरला जातो. तो डोकी सेंटरवाल्यापेक्षा, म्हणजे डोक्यावर मोळ्या वाहून ट्रक भरणाऱ्यापेक्षा, थोडा बरा. पण बैलांना वाढे, म्हणजे उसाचे शेंडे, टाकायला, पाणी दाखवायला, कारखान्याच्या वाटेवर कासरा धरायला त्याला एक पोर लागतंच. निव्वळ गरिबी मोजली तर हे पोर निसटतं.

मग कारण कुठे आहे? माझं म्हणणं असं की ते मजुरी मोजण्याच्या मापात आहे. बाकीची सगळी कारणं त्या मापाभोवती गोळा होतात.

ऊसतोडीची मजुरी टनावर मिळते. दिवस किती भरले, माणसं किती होती, त्यांची वयं काय, याचा हिशोबाशी संबंध नाही. काट्यावर गाडी चढली, वजन झालं, की तेवढंच खरं. टनावर मजुरी आली की घरातला प्रत्येक हात त्या वजनात भर घालू शकतो, मग तो केवढाही असो. बाप ऊस तोडतो, आई वाढे छाटून मोळी बांधते, आणि आठ वर्षांचं पोर तोडलेली कांडी गोळा करून आईच्या पुढ्यात आणून टाकतं. त्याने आणलं नसतं तर आईला उठावं लागलं असतं. ते आईचं न उठणं म्हणजे पोराची मजुरी. ती स्वतंत्र कधी दिसत नाही, कारण ती टनात मुरलेली असते. मराठवाड्यात कापसाची वेचणी किलोवर असते आणि दिवाळीच्या सुट्टीत शेतंच्या शेतं पोरांनी भरलेली दिसतात, त्यामागेही हेच माप आहे. रोजावर, म्हणजे दिवसाच्या हिशोबाने काम असेल तर शेतकरी लहान पोराला रोज देत नाही. कामाला येऊ नको म्हणतो. किलोवर असेल तर त्याला काय फरक पडतो?

आता उचल. हंगामाच्या आधी, बहुधा पावसाळ्यातच, मुकादम एका कोयत्याला पन्नास हजारांपासून लाखापर्यंत, कधी त्याच्याही वर रक्कम देतो. ती लग्नात, दवाखान्यात, बियाण्यात, किराण्याच्या उधारीत गेलेली असते. हंगाम सुरू होतो तेव्हा मजुरी आधीच खाऊन झालेली असते. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली आणि तो टनाला ३६६ रुपयांच्या घरात गेला. धडधाकट जोडपं दिवसाला दोन टन ऊस तोडतं असं धरू. लाखाची उचल फेडायला २७३ टन तोडावे लागतात, म्हणजे १३७ दिवस, एकही खाडा न करता. अलीकडचे काही हंगाम मात्र शंभर दिवसांच्या आसपासच आवरले. शंभर दिवसांत होतात २०० टन, त्याचे ७३,२०० रुपये. उरलेले जवळजवळ सत्तावीस हजार अंगावर फिरले. आमच्याकडे पैसे 'फिरतात', म्हणजे पुढच्या वर्षाच्या उचलीत मिसळतात आणि त्याच मुकादमाकडे परत नेतात. आता पोराच्या मदतीने रोज पाव टन वाढला असं धरा. शंभर दिवसांचे २५ टन, ९,१५० रुपये. हा आकडा मी कुणा मजुराला कागदावर करून दाखवला तर तो हसेल. त्याला तो तोंडपाठ असतो.

खाड्याचं वेगळंच. आजारपणात दिवस मोडला तर दंड पडतो, आणि बाई आजारी पडली तरी कोयता अर्धा होऊन चालत नाही. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा विषय गाजला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि तेरा हजारांहून जास्त बायकांची अशी शस्त्रक्रिया झाल्याचं पुढे आलं. त्या वेळी चर्चा झाली ती दवाखान्यांची आणि खाड्याची, आणि ती व्हायलाच हवी होती. पण पोट फाडून आलेली बाई फडात वाकू शकत नव्हती, त्या दिवसांत मोळी कुणी बांधली हे कुणी विचारलं नाही. घरात अकरा-बारा वर्षांची पोरगी असेल तर तिने बांधली.

पोरीचं काम असंही कमी दिसतं. पोरगा फडात येतो, वाढ्यांच्या पेंढ्या बांधतो, गावातल्या दूधवाल्यांना विकतो. हंगामात मुकादम रोजच्या खर्चाला देतो त्या खर्चीखेरीज रोख पैसा हाती येतो तो एवढाच, म्हणून त्याच्या कामाला घरात मान आहे. पोरगी कोपीवर असते. कोपी म्हणजे चार-दोन बांबू, ताडपत्री किंवा पाचट, उभं राहिलं तर डोकं टेकेल एवढं घर. आई-बाप पहाटे तीन-चारला फडाकडे निघाले की तिचा दिवस सुरू होतो. पाणी शेतकऱ्याच्या मोटरीवरून आणायचं, लाइट असेल तेव्हाच. धाकट्याला झोळीत झोपवायचं, शेळी बांधायची, भाकरी करून फडात पोचवायची. ती काय करते असं बापाला विचारलं तर तो म्हणतो, "काय न्हाई, घरीच असती." शिरगणतीवाल्यालाही तो हेच सांगतो. २०११ च्या जनगणनेत देशात ५ ते १४ वयाची सुमारे एक कोटी कामकरी मुलं मोजली गेली, महाराष्ट्रात सव्वासात लाखांच्या आसपास. त्यांत ही पोरगी नाही. युनिसेफने आता आठवड्याला २१ तास किंवा त्याहून जास्त घरकाम हेही बालमजुरीत धरलं आहे. या पोरीचे २१ तास मंगळवारी दुपारीच भरतात.

तिला गावी का ठेवत नाहीत? शासनाने हंगामी वसतिगृहं काढली, त्यांत जेवणाची सोय शाळेत आणि निजायला बहुधा आजी-आजोबांकडे. आजी असेल, धड असेल, तर हे चालतं, आणि त्यामुळे काही हजार मुलं गावात राहिली हे मी नाकारणार नाही. पण आजीही कालपर्यंत ऊसतोडच करत होती. पन्नाशीतच तिची कंबर गेलेली असते, ती स्वतःच कुणाचा तरी हात शोधत असते. शिवाय पोरगी दहा-बारा वर्षांची झाली की एक नवा शब्द घरात येतो, जोखीम. रात्री कुणाच्या भरवशावर ठेवायची? फडात नेली तर डोळ्यांपुढे राहते. पण कोपीला दार नसतं आणि मुक्काम परक्या गावात असतो, म्हणून तिथेही जोखीमच. या जोखमीवर घराने काढलेला तोडगा म्हणजे लग्न. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत वीस ते चोवीस वयाच्या महाराष्ट्रातल्या बायकांपैकी सुमारे २२ टक्क्यांचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. बीडमध्ये हे प्रमाण जवळजवळ दुप्पट. लग्न झालं की पोरगी सुरक्षित झाली असं मानतात. आणि मुकादमाच्या भाषेत दोन अर्ध्यांचा एक कोयता झाला, उचल वाढली.

हे माप आणि ही उचल आकाशातून पडली नाही. १९५० च्या सुमारास प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी साखर कारखाना उभा केला. त्यानंतर पश्चिम महाराष्ट्रात जिथे जिथे कालव्याचं पाणी गेलं तिथे ऊस गेला, आणि उसामागे कारखाना. उसाला हंगामात एकदम हजारो हात लागतात आणि बाकीचे सहा महिने लागत नाहीत. असे हात पावसाने पाठ फिरवलेल्या मुलखातच मिळू शकत होते. बीड, पाथर्डी, शेवगाव, जालना, परभणी, जतचा पूर्व भाग. १९७२ च्या दुष्काळाने ही वाट पक्की केली. रोजगार हमीने काही वर्षं लोकांना गावात धरलं, पण हमीवर एकरकमी उचल मिळत नाही. वंजारी, बंजारा, दलित, धनगर, मराठा, सगळ्या जातींची माणसं आज टोळ्यांत आहेत. एकूण संख्येचे अंदाज आठ लाखांपासून पंधरा लाखांपर्यंत जातात. ज्या राज्यात उसाचं टिपरू किलोनिशी मोजलं जातं, तिथे तोडणाऱ्या माणसांचा आकडा जवळजवळ दुपटीच्या फरकाने सांगितला जातो, यातच बरंच काही आलं.

कायद्याबद्दल सविस्तर पुढे येईलच, इथे एकच गोष्ट. १९८६ च्या बालमजुरी कायद्यात २०१६ साली बदल झाला आणि चौदा वर्षांखालच्या मुलांना सगळ्याच कामांत बंदी आली. मात्र शाळेची वेळ सोडून किंवा सुट्टीत, कुटुंबाच्या व्यवसायात मदत करायची मुभा राहिली. कागदावर हे शहाणपणाचं दिसतं. कुंभाराच्या पोराने माती मळू नये असं कोण म्हणेल? पण ऊसतोड हा कुटुंबाचा व्यवसाय कसा? ऊस शेतकऱ्याचा, गाडी कारखान्याकडे जाणारी, पैसे मुकादमाचे. कुटुंबाचं त्यात आहे ते अंग आणि कर्ज. २०२२ साली इगतपुरीकडच्या कातकरी मुलांना थोड्याशा पैशांवर मेंढपाळांकडे कामाला दिल्याची प्रकरणं उघड झाली. तेव्हा गुन्हे नोंदवले गेले, कारण तिथे मूल आई-बापांपासून तुटलं होतं आणि परका मालक समोर होता. कोपीतलं मूल आईच्या नजरेच्या टप्प्यात असतं. गुन्हा कुणावर नोंदवायचा? आईवर?

शाळेनेही यात आपला वाटा उचलला आहे, हे माझ्या पेशाच्या माणसाने कबूल केलं पाहिजे. नव्वदच्या दशकात कारखान्यांच्या आवारात साखरशाळा सुरू झाल्या. मांडवात भरत, शिक्षक कंत्राटी, पण पोरांच्या मागे जात. २०१० मध्ये शिक्षण हक्क कायदा लागू झाला आणि प्रत्येक मुलाला नियमित शाळेचा हक्क मिळाला. त्या हक्काच्या नावाखाली यांतल्या बहुतेक साखरशाळा बंद पडल्या. मुलांनी जवळच्या शाळेत जावं असं ठरलं. ती शाळा फडापासून तीन-चार किलोमीटरवर, फड दर पंधरवड्याला बदलणारा, आणि वर्गातली मुलं या पोरांना "कोयत्याची पोरं" म्हणणारी. गावी परत आल्यावर आम्ही त्यांना पुढच्या वर्गात घालत होतो, कारण नापास करायचं नव्हतं. पाचवीत बसून दुसरीचं पुस्तक अडखळत वाचणाऱ्या पोराला शाळेत काय मिळत होतं? काही पोरांनी शाळा कामासाठी सोडली. काहींनी आधी शाळा सोडली आणि रिकामं बसण्यापेक्षा काम धरलं. आंध्रात शांता सिन्हांनी आणि एम. व्ही. फाउंडेशनने शाळेबाहेरचं प्रत्येक मूल बालमजूरच समजायचं असा आग्रह धरला, तो मला आधी ताणलेला वाटे. आता वाटत नाही.

"पोर शाळेत गेलं, मग गुरं कोण राखील?" हा प्रश्न काही आजचा नाही. जोतीराव फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निदान बारा वर्षांपर्यंत सक्तीचं शिक्षण मागितलं. सयाजीरावांनी १८९३ मध्ये अमरेलीत सक्ती आणली आणि १९०६ मध्ये सगळ्या बडोदा संस्थानात. गोखल्यांचं सक्तीच्या शिक्षणाचं विधेयक १९१२ मध्ये पडलं. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये करवीर (कोल्हापूर) संस्थानात पोर शाळेत न पाठवणाऱ्या बापाला महिन्याला एक रुपया दंड लावला. हा रुपया मला फार विचार करायला लावतो. त्या काळी तो गरिबाला जड होता, पण शाहू महाराजांनी त्याच्या जोडीला गावोगाव शाळा काढल्या. आपण आज दंडाचा अर्धा भाग फडात पोचवला आहे, खाड्याच्या रूपाने, आणि तो पोराला शाळेत ठेवणाऱ्या बाईवर पडतो.

पाडवा झाला की मुकादमाच्या ओट्यावर हिशोब होतो. काट्याच्या पावत्या, खर्ची, दवाखान्याचे पैसे, खाडे, सगळं वजा होत जातं. बाप समोर उकिडवा बसलेला असतो आणि मागे त्याचं थोरलं पोर खांबाला टेकून उभं. मी एकदा त्या ओट्याच्या कडेला बसून सगळा हिशोब ऐकला. एकवीस हजार फिरले होते. मुकादमाने वही मिटायच्या आधी वर पाहिलं.

"केवढं झालं रं हे?"

"नववीत हाय," बाप म्हणाला.

"हाताशी आलं की मग. औंदा दीड कोयता लिवू?"